चिखलातली वीज जिवाणूंची की जस्ताची? शाळेत सूक्ष्मजीव इंधन घट बनवताना

विज्ञान प्रदर्शनात 'मातीपासून वीज' हा प्रकल्प हमखास असतो. डब्यात ओली माती, मातीत एक तांब्याची पट्टी आणि एक जस्ताची, तारा मल्टिमीटरला लावलेल्या आणि पडद्यावर ०.९ व्होल्टच्या आसपासचा आकडा. शेजारच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: मातीतले जिवाणू वीज तयार करतात. बरेचदा त्या डब्यात तसलं काही चाललेलं नसतं. ती वीज जस्त झिजून येते. मातीच्या जागी लिंबू, बटाटा किंवा मिठाच्या पाण्यात भिजवलेला टीपकागद ठेवला तरी आकडा साधारण तोच दिसेल.

खरं-खोटं ओळखायची खूण सोपी आहे. पट्ट्या खुपसल्याबरोबर पूर्ण व्होल्टेज मिळालं तर ते धातूचं काम. जिवाणूंना वेळ लागतो. त्यांना कार्बनवर चिकटून वसाहत करावी लागते, आजूबाजूचा ऑक्सिजन संपावा लागतो आणि मग कुठे आकडा रोज थोडा थोडा चढू लागतो.

म्हणून इथे सूक्ष्मजीव इंधन घटाची, म्हणजे जिवाणूंपासून वीज मिळवणाऱ्या बरणीची, जी कृती देतो आहे तिच्यात चिखलात आणि चिखलावर ठेवायची दोन्ही टोकं कार्बनची आहेत, आणि प्रत्येक बरणीसोबत तिला खोटं पाडू शकेल अशी दुसरी बरणी आहे. आठवी ते बारावीच्या मुलांना हे सहज जमतं. वेळ मात्र हवा. प्रदर्शनाच्या आधी किमान पाच-सहा आठवडे. परीक्षा संपल्यावर घाईने सुरू केलेली बरणी परीक्षकांसमोर शून्य दाखवते.

बरणीत नेमकं काय चालतं

आपण खातो, अन्नातून इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि शेवटी ते श्वासातल्या ऑक्सिजनला दिले जातात. तळ्याच्या गाळात चार-पाच सेंटिमीटर खाली ऑक्सिजन नसतोच. तिथले काही जिवाणू हे इलेक्ट्रॉन गाळातल्या लोहाच्या खनिजांवर टाकतात, म्हणजे पेशीच्या बाहेर. जिओबॅक्टर हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळातून डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी हा जिवाणू शोधला, १९८७ साली. अशा जिवाणूंना लोहाच्या जागी कार्बनचा तुकडा मिळाला तर ते त्याच्यावरही इलेक्ट्रॉन टाकतात. आपण त्या तुकड्याला तार जोडून इलेक्ट्रॉनना वरची वाट करून द्यायची, एवढंच.

चिखलात पुरलेला तुकडा म्हणजे अ‍ॅनोड. चिखलावर, हवेला लागून ठेवलेला तुकडा म्हणजे कॅथोड. इलेक्ट्रॉन तारेतून वर येतात, हायड्रोजनचे आयन चिखलातल्या पाण्यातून वर सरकतात आणि कॅथोडवर हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणी बनतं. अ‍ॅसिटेटचा (व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार, या जिवाणूंचं अन्न) एक रेणू पूर्ण विघटित झाला की आठ इलेक्ट्रॉन मिळतात. अ‍ॅसिटेट आणि ऑक्सिजन या जोडीतून कागदावर साधारण १.१ व्होल्ट यायला हवेत. चांगली बरणी काहीही न जोडता ०.३ ते ०.७ व्होल्ट देते. बाकीचं जिवाणूंच्या स्वतःच्या पोटात आणि कॅथोडच्या आळसात जातं.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठाच्या एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्ये यीस्ट आणि जिवाणूंपासून व्होल्टेज मिळवून दाखवलं होतं. फलकावर हा उल्लेख जरूर करा. 'नुकताच लागलेला शोध' असं मात्र लिहू नका.

साहित्य

एका बरणीसाठी:

- रुंद तोंडाची एक ते दीड लिटरची प्लॅस्टिकची बरणी, व्यास सुमारे १० सेंटिमीटर
- कार्बन फेल्ट किंवा ग्रॅफाइट फेल्ट (कार्बनच्या धाग्यांचं नमद्यासारखं जाड कापड), ३ ते ५ मिलिमीटर जाड. त्यातून ९ सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या
- स्टेनलेस स्टीलची बारीक तार, साधारण अर्धा मिलिमीटर
- तारेवर चढवायला प्लॅस्टिकची बारीक नळी किंवा हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी)
- १००० ओहमचा एक रेझिस्टर. शिवाय १००, २२०, ४७०, २२००, ४७०० आणि १०,००० ओहमचा एकेक
- क्रोकोडाइल क्लिप लावलेल्या वायर, साधा डिजिटल मल्टिमीटर
- रबरी हातमोजे, जुनी चाळणी, बादली

खर्च होतो तो फेल्टवर, आणि तिथेच काटकसर करायचा मोह होतो. पेन्सिलीतलं शिसं चालेल का, असं मुलं विचारतात. चालतं, पण त्यात चिकणमाती आणि मेण असतं, शिवाय पृष्ठभाग इतका कमी की आकडा वाचताना डोळे ताणावे लागतात. जुन्या सेलमधली काळी कांडी हा दुसरा लोकप्रिय उपाय. तो मी टाळतो. त्या कांडीला मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड चिकटलेली असते आणि ती पूड स्वतःच कॅथोडचं काम करते. म्हणजे पुन्हा तोच घोळ: सेलमधल्या उरल्यासुरल्या रसायनाची वीज आणि श्रेय जिवाणूंना. फेल्ट इंटरनेटवर मिळतं, एका तुकड्यातून सहा-आठ चकत्या निघतात, दोन-तीन गटांनी मिळून घेतलं तर परवडतं. अगदीच नाही मिळालं तर मत्स्यपेटीच्या दुकानातला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा चुरा स्टेनलेसच्या जाळीच्या पुडीत घट्ट बांधा.

तांब्याची तार चिखलात अजिबात नको. ती गंजते, गंजताना स्वतःचं व्होल्टेज मिसळते, आणि तांबं जिवाणूंना मानवत नाही. तांब्याची वायर बरणीच्या बाहेर, कोरड्या जागी जोडा.

चिखल कुठला

तळ्याच्या काठचा, भाताच्या खाचरातला, ओढ्याच्या संथ वळणावरचा. वरचा तांबूस थर बाजूला सारल्यावर खाली काळपट, थोडा कुजका वास येणारा गाळ लागला की समजायचं, हवा तो माल मिळाला. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा, म्हणजे तिथे ऑक्सिजन नाही. कोकणात राहत असाल तर खाडीकाठचा किंवा खाजणातला गाळ फार चांगला. खारेपणामुळे त्यातून आयन सहज वाहतात आणि बरणीचा अंतर्गत रोध कमी राहतो. देशावरची काळी माती चालते, पण तिची एक खोड आहे: वाळली की आकसते आणि भेगा पडतात, मग फेल्टचा आणि मातीचा संबंध तुटतो. ती वापरायची तर तिसरा हिस्सा बारीक वाळू मिसळा. कुंडीतली भुसभुशीत, खत घातलेली माती सगळ्यात निराशा करणारी. तिच्यात हवा फार.

गटाराचा किंवा दवाखान्याच्या आसपासच्या नाल्याचा गाळ घेऊ नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस साचलेल्या पाण्यात लेप्टोचा धोका असतो, म्हणून गाळ काढताना हातमोजे, पायांत गमबूट, आणि हातापायाला जखम असेल तर ते काम दुसऱ्याकडे.

घरी आणून गाळ चाळणीतून घासा. खडे, शंख, काड्या, गांडुळं बाहेर. गांडूळ राहिलं तर ते आत बोगदे करून हवा नेतं. चाळलेल्या गाळात त्याच ठिकाणचं पाणी घालून तो इडलीच्या पिठाइतका सैल करा. नळाचं पाणी वापरायचं झालं तर ते रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडून जाऊ द्या.

जोडणी

आधी फेल्ट तयार करायचं. नवं फेल्ट पाण्यात टाकलं तर ते बुडत नाही. पाण्याचे थेंब त्याच्यावर मोत्यांसारखे बसून राहतात. असंच पुरलं तर आतल्या पोकळ्यांत हवा राहते आणि जिवाणू आत शिरत नाहीत. चकत्या सर्जिकल स्पिरिटमध्ये दहा मिनिटं बुडवा (जवळ ज्योत नको), मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात पिळून धुवा. आता चकती पाण्यात तळाशी बसली पाहिजे. फेल्ट कापताना काळे बारीक धागे उडतात, ते त्वचेला खाजतात. हातमोजे आणि मास्क घाला, आणि कापायचं काम मल्टिमीटर किंवा आर्डुइनोपासून (आपोआप नोंदी घेऊ शकणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) दूर करा, कारण हे धागे विजेचे वाहक असतात.

आता तार. तीस सेंटिमीटर तार घेऊन तिचं एक टोक चकतीत गोधडीच्या टाक्यांसारखं पाच-सहा वेळा आतबाहेर ओवा आणि शेवटी पिळून घट्ट करा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं फेल्टच्या कडेला लावून पाहा. काही ओहमच्या आत आकडा यावा. शेकड्यांत गेला तर टाके सैल आहेत. अ‍ॅनोडच्या तारेवर चकतीपासून बरणीच्या तोंडापर्यंत प्लॅस्टिकची नळी चढवा. ही नळी फार महत्त्वाची, कारण अ‍ॅनोडची तार कॅथोडच्या शेजारून वर येते. तिथे तार उघडी असेल आणि फेल्टला टेकली तर सगळा घट आतल्या आत शॉर्ट होतो आणि बाहेर काहीच मिळत नाही.

बरणीच्या तळाशी दोन सेंटिमीटर चिखल घाला आणि बरणी टेबलावर हलकेच आपटून बुडबुडे काढा. अ‍ॅनोडची चकती सपाट ठेवा, बोटांनी दाबून तिच्यात चिखल जिरवा. पुढे अन्न द्यायचा विचार असेल तर आत्ताच एक बारीक नवी सलाइनची नळी अ‍ॅनोडपर्यंत सोडून ठेवा. वर पाच सेंटिमीटर चिखल, पुन्हा बुडबुडे काढा. बरणी दोन-तीन तास स्वस्थ राहू द्या, वर आलेलं जास्तीचं पाणी ओता, आणि कॅथोडची चकती चिखलावर हलकेच टेकवा. खालचा पृष्ठभाग ओला, वरचा हवेत, अशी ती हवी. तिच्यावर पाणी साचू द्यायचं नाही, चिखल फासायचा नाही.

झाकण सैल. चिखलातून वायू निघतात, घट्ट झाकलेली बरणी फुगते. शिवाय कॅथोडला हवा लागते. झाकणाला मोठी भोकं पाडून तारा त्यातून काढा. पारदर्शक बरणीला बाहेरून काळा कागद गुंडाळा, नाहीतर उजेडाने हिरवं शेवाळ धरतं आणि दिवसा ऑक्सिजन सोडून आकड्यांत गोंधळ करतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून दोन तारांमध्ये १००० ओहमचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा. हा रेझिस्टर बहुतेक जण विसरतात. तारा मोकळ्या असतील तर इलेक्ट्रॉनना जायला जागा नसते, मग अ‍ॅनोडवर नेमके आपल्याला हवे ते जिवाणू वाढायचं कारणच उरत नाही.

मोजायचं कसं

मल्टिमीटर २००० मिलिव्होल्टच्या खुणेवर. काळी प्रोब अ‍ॅनोडच्या तारेला, लाल कॅथोडच्या. रेझिस्टर काढायचा नाही, त्याच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज वाचायचं. रोज एकाच वेळी, शेजारी खोलीचं तापमान लिहून. थंडीच्या पहाटे आणि दुपारी घेतलेल्या आकड्यांत फरक पडतो, कारण जिवाणूंना २५ ते ३५ अंशांचं तापमान आवडतं.

प्रवाह मोजायला मीटर मिलिअ‍ॅम्पिअरवर फिरवू नका. त्या वेळी मीटरचा स्वतःचा रोध अगदी कमी असतो, घट जवळजवळ शॉर्ट होतो, साठलेला भार एकदम बाहेर पडतो आणि क्षणभर फुगलेला आकडा दिसतो. तो आकडा फलकावर गेला की जाणकार परीक्षक तिथेच पकडतात. प्रवाह गणिताने काढा: व्होल्टेज भागिले रोध. १००० ओहमवर २०० मिलिव्होल्ट आले तर प्रवाह ०.२ मिलिअ‍ॅम्पिअर, आणि शक्ती ०.२ व्होल्ट गुणिले ०.२ मिलिअ‍ॅम्पिअर, म्हणजे ०.०४ मिलिवॉट, अर्थात ४० मायक्रोवॉट. चकतीचं क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर, म्हणून दर चौरस मीटरला साधारण ६ मिलिवॉट. शक्ती अशी क्षेत्रफळामागे मांडली तरच दोन वेगवेगळ्या आकारांच्या बरण्यांची तुलना होते.

पहिले काही दिवस आकडा शून्याच्या आसपास डुलतो, कधी उणेही जातो. मग चढण. ती काही दिवसांत सुरू होते, कधी दोन आठवडे लागतात. हा चढता आलेख म्हणजेच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा, त्यामुळे सुरुवातीचे कंटाळवाणे शून्यही वहीत हवेत.

आर्डुइनो असेल तर नोंदी आपोआप घेता येतात, पण एक काळजी घ्या. नेहमीच्या ५ व्होल्टच्या मापावर त्याची एक पायरी जवळपास ५ मिलिव्होल्टची असते. आर्डुइनोच्या ऊनो या बोर्डमध्ये आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडला तर पायरी सुमारे १ मिलिव्होल्टवर येते.

बरणीला खोटं पाडणारी बरणी

'हे जिवाणूच करतात कशावरून?' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तोंडाने देण्यात अर्थ नाही, शेजारी दुसरी बरणी हवी.

तोच चिखल स्टीलच्या डब्यात, झाकण सैल ठेवून, प्रेशर कुकरमध्ये शिजवा. पहिल्या शिटीनंतर आच मंद करून पाऊण तास. कुकर जुना, पुन्हा स्वयंपाकाला न वापरायचा, आणि मोठं माणूस शेजारी. कुकरात आतलं तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, तरी मातीतल्या जिवाणूंचे बीजाणू चिवट असतात. म्हणून लागोपाठ तीन दिवस शिजवा. मधल्या काळात उगवलेले बीजाणू पुढच्या फेरीत मरतात. थंड झाल्यावर उकळलेल्या फेल्टच्या चकत्या घालून अगदी तशीच बरणी बांधा.

एक बारकावा ध्यानात ठेवा. ही बरणी कायमची निर्जंतुक राहत नाही. हवेतून जिवाणू शिरतात, आणि शिजल्यामुळे चिखलातलं सेंद्रिय द्रव्य मोकळं झालेलं असतं, त्यामुळे नव्या पाहुण्यांना आयतं जेवण मिळतं. दोन-तीन आठवड्यांनी शिजवलेली बरणी जिवंत बरणीला गाठू शकते, कधी मागेही टाकते. तेव्हा तुलना पहिल्या आठवडा-दीड आठवड्याची करा. नंतर ती चढली तर तेही आलेखात दाखवा. ती कहाणी लपवण्यापेक्षा सांगण्यात जास्त विज्ञान आहे.

दुसरी नियंत्रण बरणी, म्हणजे तुलनेसाठीची बरणी, त्याहून सोपी: धुतलेली वाळू आणि थोडं मीठ घातलेलं पाणी, तेच फेल्ट, त्याच तारा. अन्न नाही, जिवाणू नगण्य. इथे जो आकडा येईल तो तुमच्या तारांचा आणि जोडणीचा. जमलं तर प्रत्येक प्रकारच्या तीन-तीन बरण्या करा. चिखलाची एकेक बरणी भलतीच लहरी असते. एकाच बादलीतून भरलेल्या दोन बरण्यांत दुपटीचा फरक सहज पडतो. एकेका बरणीवरून 'खाडीचा गाळ सरस' असं ठोकून देणं धोक्याचं.

अन्न

गाळातलं स्वतःचं अन्न काही आठवडे पुरतं. अन्न दिल्यावर आकडा वाढतो का, हा छोटा आणि देखणा प्रयोग आहे. साखर किंवा गूळ घालायची घाई नको. साखर आंबते, आम्ल आणि वायू तयार होतात, बुडबुडे अ‍ॅनोडला उचलून धरतात. शेणाचंही तेच: चिखलाच्या विसाव्या हिस्स्याच्या आत असेल तर ठीक, जास्त झालं की बरणीचा गोबरगॅस प्लँट.

अ‍ॅसिटेट घरी बनतं. दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर, ज्यात सुमारे ४ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असतं, ते १०० मिलिलिटर घ्या. त्यात खाण्याचा सोडा चिमूट चिमूट घाला, फसफस थांबेपर्यंत. साधारण साडेपाच ग्रॅम लागतो. झालं सोडियम अ‍ॅसिटेटचं द्रावण. नुसतं व्हिनेगर ओतू नका, आम्लाने जिवाणू आजारी पडतात. या द्रावणातले पाच ते दहा मिलिलिटर सुई नसलेल्या सिरिंजने त्या सलाइनच्या नळीतून हळूहळू सोडा, आधी नळीतली हवा काढून. दुसऱ्या बरणीत तेवढंच साधं पाणी. मग दर दोन तासांनी नोंद.

किती रोधावर सर्वांत जास्त शक्ती

दहावीच्या पुढच्या मुलांनी हे जरूर करावं. बरणी स्थिरावली की रेझिस्टर काढून काही तास ती मोकळी ठेवा. मग मोठ्या रोधापासून सुरुवात करून एकेक रेझिस्टर लावा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं थांबून व्होल्टेज वाचा. समजा मोकळ्या बरणीचं व्होल्टेज ६०० मिलिव्होल्ट आणि अंतर्गत रोध १००० ओहम आहे, तर गणिताने असं यावं:

| रोध (ओहम) | व्होल्टेज (मिलिव्होल्ट) | शक्ती (मायक्रोवॉट) |
|---|---|---|
| १०,००० | ५४५ | ३० |
| ४,७०० | ४९५ | ५२ |
| २,२०० | ४१२ | ७७ |
| १,००० | ३०० | ९० |
| ४७० | १९२ | ७८ |
| २२० | १०८ | ५३ |
| १०० | ५५ | ३० |

बाहेरचा रोध आतल्याइतका झाला की शक्ती शिखरावर. म्हणजे आलेखाचं शिखर शोधलं की अंतर्गत रोधाचा अंदाज फुकट मिळतो. हे आकडे आदर्श घटाचे आहेत. प्रत्यक्षात लहान रोधाला आलेख याहून झपाट्याने कोसळतो, कारण जिवाणूंना तितक्या वेगाने इलेक्ट्रॉन पुरवता येत नाहीत. अ‍ॅनोड-कॅथोडमधलं अंतर, मिठाचं प्रमाण, कॅथोडचा आकार यांपैकी एकच गोष्ट बदलून शिखर कुठे सरकतं ते पाहिलं, तर तेवढ्यावर पूर्ण प्रकल्प उभा राहतो.

दिवा पेटवायचाच असेल तर

लाल एलईडीला साधारण १.७-१.८ व्होल्ट लागतात, बरणी देते अर्धा. मग मुलं चार बरण्या एकसर जोडतात. कधी जमतं, पण त्यातली एक जरी कमजोर असली तर बाकीच्या तिला उलटं ढकलतात आणि तिचं व्होल्टेज उणे होतं. त्याहून वाईट म्हणजे एकाच टबात चार जोड्या खुपसून त्या एकसर जोडणं: चिखल सगळ्यांना सामाईक असल्यामुळे व्होल्टेजची बेरीज होतच नाही.

याला एक सोपी युक्ती आहे. ४७०० मायक्रोफॅरडचे सहा कॅपॅसिटर ब्रेडबोर्डवर समांतर लावा, सगळ्यांची अधिक टोकं कॅथोडकडे. एकाच बरणीला पाच-दहा मिनिटं जोडा. प्रत्येक कॅपॅसिटर ०.४५ व्होल्टपर्यंत भरला की बरणी सोडवा आणि सहाही कॅपॅसिटर एकामागोमाग एक, अधिक-उणे सांभाळून, एकसर लावा. आता २.७ व्होल्ट. एलईडी टेकवा: क्षणभर लख्ख चमकतो. बस्स, तेवढाच. अंधाऱ्या कोपऱ्यात हे दाखवा.

फलकावर 'गावाला वीज' वगैरे लिहिण्याआधी एक भागाकार करा. ९ वॉटच्या एका बल्बला ४० मायक्रोवॉटच्या २,२५,००० बरण्या लागतील. या तंत्राची खरी जागा वेगळी आहे: सांडपाणी शुद्ध करताना थोडी वीज परत मिळवणं, आणि जिथे बॅटरी बदलायला जाता येत नाही अशा समुद्रतळावर छोटे संवेदक चालवणं. अशा गाळातल्या घटावर हवामान मोजणारा बोया (पाण्यावर तरंगणारं उपकरण) चालवून झालेला आहे, आणि इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी मूत्रावर चालणारे घट वापरून मुतारीत दिवे लावून दाखवले आहेत.

दोन बरण्यांचा प्रकार

पुस्तकांतल्या चित्रांत दोन बरण्या आणि मध्ये अगार-मिठाचा सेतू असतो. चित्र समजायला छान, घट म्हणून कमजोर. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या २००५ मधल्या मोजमापात क्षारसेतूच्या घटाचा अंतर्गत रोध सुमारे २०,००० ओहम आला, सेतूऐवजी आयन जाऊ देणारा पडदा वापरलेल्या घटाचा सुमारे १,३००. शक्ती दर चौरस मीटरला अनुक्रमे २ आणि ४० मिलिवॉटच्या आसपास. पहिल्या वर्षी एका बरणीचाच घट करा. कॅथोडच्या बरणीत पोटॅशियम फेरिसायनाइड घालायची शिफारस सापडेल, ती शाळेत नको. तीव्र आम्लाशी आणि उष्णतेशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू निघतो, शिवाय ते रसायन स्वतः खर्च होत असतं, म्हणजे 'वीज कुणाची' हा प्रश्न पुन्हा उभा.

बिघडलं तर

दोन आठवड्यांनंतरही शून्य असेल तर आधी अ‍ॅनोडची तार तपासा: नळी फाटून ती कॅथोडला टेकली आहे का. नंतर क्लिपा पाहा. चिखलाच्या वाफेने त्यांना हिरवा-पांढरा गंज चढतो, पॉलिश पेपरने घासा. आकडा छान चढून अचानक पडला तर बहुधा कॅथोड वाळला, किंवा कुणी उत्साहाने पाणी ओतून तो बुडवला. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही होतं. बरणी शाळेत ठेवून गेलात तर परतल्यावर भेगाळलेली ढेकळं मिळतील. एकाने ती घरी न्यावी आणि दर दोन दिवसांनी कडेने दोन-तीन चमचे पाणी घालावं. कॅथोडवर कापसासारखी पांढरी बुरशी आली तर चमच्याने अलगद काढा. सडक्या अंड्याचा वास थोडा असणारच, तो हायड्रोजन सल्फाइडचा. बरण्या हवेशीर जागी ठेवा आणि वास भपकन यायला लागला तर अन्न देणं थांबवा.

प्रदर्शनाच्या दिवशी

रिक्षातून किंवा एसटीतून नेताना बरणी हिंदकळते, चिखलात हवा मिसळते आणि व्होल्टेज बसतं. ते सावरायला काही तास, कधी एखादा दिवस लागतो. शक्य असेल तर आदल्या दिवशी पोहोचा, बरणी बादलीत कापडाच्या बोळ्यांत घट्ट बसवून न्या, आणि कमी आकडा दिसला तर घाबरून रेझिस्टर काढू नका. परीक्षकांपुढे आलेख मोठा छापलेला असू द्या, बरणी त्याच्या शेजारी. आजचा आकडा काहीही असो, पाच आठवड्यांची चढण, शिजवलेल्या बरणीची सुरुवातीची सपाट रेघ आणि अन्न दिल्यानंतरचा उंचवटा हे तिन्ही एका कागदावर दिसले की पुढचे प्रश्न आपोआप चांगले येतात. पाहायला आलेल्या लहान मुलांना चिखलाला हात लावू देऊ नका. शेजारी साबण-पाणी ठेवा.

सगळं आटोपल्यावर चिखल जिथून आणला तिथे किंवा बागेत टाका, बरण्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. अ‍ॅनोडची चकती मात्र धुऊ नका आणि वाळू देऊ नका. त्याच चिखलाच्या थोड्या गाळात बुडवून, झाकण सैल ठेवलेल्या डब्यात सावलीत ठेवली, तर नवी बरणी बांधताना ती तशीच पुरता येते. जिवाणू आधीच बसलेले असल्यामुळे तिचा आकडा कोऱ्या फेल्टपेक्षा लवकर चढतो. किती लवकर, हे पुढच्या वर्षीच्या गटाने मोजावं.